'गड आला पण सिंह गेला' वाचून झाल्यावर: नाव आधी की गोष्ट आधी?

पोलादपुरी

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय इतिहास. या सत्रात प्रत्येकीने एक जुनी ऐतिहासिक कादंबरी वाचून वर्गात पंधरा मिनिटं बोलायचं आहे. चिठ्ठ्या टाकल्या, मला हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' निघाली. बाकीच्या म्हणाल्या, सुटलीस गं, ती तर सगळ्यांना येते. मलाही तसंच वाटलं. चौथीच्या 'शिवछत्रपती' पुस्तकात याच नावाचा धडा होता, आणि गॅदरिंगला आमच्या वर्गाने तो बसवलाही होता. मी घोरपड झाले होते. हसू नका, घोरपडीला टाळ्या पडल्या होत्या.

शिवाय माझं आजोळ उमरठच्या शेजारचं. उमरठला तानाजींची समाधी आहे, येता-जाता हात जोडायचे हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. आजी त्यांचं नाव घेत नाही, 'सुभेदार' म्हणते. "सुभेदारांच्या वाटेवर चपला काढ," असं. त्यामुळे पुस्तक हातात घेताना मनात हेच होतं की दोन रात्रींचं काम आहे.

अकरा रात्री लागल्या.

पहिला धक्का म्हणजे तानाजी लवकर भेटतच नाहीत. भेटते ती कमलकुमारी, सती जायला निघालेली रजपूत स्त्री, आणि तिच्यामागे लागलेला उदेभान. तो तिला बळजबरीने उचलून कोंढाण्यावर आणतो, आणि माघ वद्य नवमीची रात्र जवळ येते तसं तिचं काय होणार याकडेच आपला जीव लागून राहतो. म्हणजे आमच्या धड्यात ज्या माणसाला 'किल्लेदार उदेभान राठोड' एवढंच एका ओळीत उरकलं होतं, त्याचा राग, त्याची हाव, सगळं इथं पानंच्या पानं भरून आहे. मधूनच हरिभाऊ गोष्ट थांबवून आपल्याशीच बोलायला लागतात. सुरुवातीला कंटाळा आला. नंतर लक्षात आलं की माझी आजीही गोष्ट अशीच सांगते, ऐन लढाईत थांबून "दार लावलंस का गं" विचारते.

भाषा जड जाईल असं वाटलं होतं, तीही जात नाही. कादंबरी १९०३ च्या सुमाराची, आणि तरी माणसं बोलायला लागली की पान पळतं. वर्णनं मात्र मी दोन-तीन ठिकाणी सरळ ओलांडली. सरांना सांगू नका.

आता मुद्द्याचं. सरांनी सांगितलं होतं की कादंबरीसोबत एक तरी जुनं साधन बघा. म्हणून सभासदाची बखर काढली. कृष्णाजी अनंत सभासदाने ती १६९७ च्या आसपास जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली, म्हणजे लढाईनंतर साधारण सत्तावीस वर्षांनी. त्यातला कोंडाण्याचा मजकूर (तो 'कोंडाणा' लिहितो) जेमतेम पानभर. आणि त्यात काय काय नाही! कमलकुमारी नाही. रायबाचं लग्न नाही. घोरपड नाही. दोन निवडक मावळे रात्री कड्यावरून वानरासारखे वर जातात, मग बाकीचे, एकूण तीनशे. घोरपडीचं काम केलेल्या मुलीला हे वाचून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

पण खरी मजा पुढे आहे. फत्ते झाली, तानाजी पडले, ही बातमी कळल्यावर महाराज जे म्हणतात ते सभासद असं देतो: "एक गड घेतला, परंतु एक गड गेला."

सिंह नाहीच. गडाच्या बदल्यात गड.

मी ते वाक्य चार-पाच वेळा वाचलं. मग सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "एवढ्यावर थांबू नकोस, नाव बघ." नाव म्हणजे? आपण सगळे समजतो की सिंहासारखा माणूस गेला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला. पण महाराजांचं एप्रिल १६६३ मधलं एक पत्र आहे, मोरोपंत आणि निळोपंतांना, गडावर फितवा झाल्याबद्दलचं. त्यात गडाचं नाव सरळ 'सिंहगड' आहे. तानाजी पडले ४ फेब्रुवारी १६७० ला. म्हणजे ते जिवंत असताना जवळपास सात वर्षं आधीच सिंहगड हे नाव होतं.

मग उलटंच झालं असेल का? गडाचं नाव आधीपासून सिंहगड, म्हणून पुढे कधीतरी 'गड' आणि 'सिंह' असे दोन तुकडे करून ते वाक्य कुणीतरी घडवलं? नावावरून गोष्ट, गोष्टीवरून नाव नाही?

मला हे वर्गात बोलायचं आहे, पण एक अडचण आहे. यातलं काहीही आजीसमोर बोलायची माझी हिंमत नाही. आणि खरं सांगायचं तर कादंबरी वाचताना शेवटी मी रडले, ते हे सगळं ठाऊक झाल्यानंतरच. आधी बखर वाचली, मग शेवटची प्रकरणं. तरी रडले. याचं काय करायचं?

सोनचाफा

फार छान लिहिलंस. पहिला धागा वाटत नाही. पु.ले.शु. (पुढील लेखनाला शुभेच्छा).

घोरपडीचा फोटो असेल तर टाक.

मोडीवाला

धागा आवडला. थोडी भर घालतो.

सभासदात तुझ्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट आहे, ती वर्गात नक्की सांग. झुंजात तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा तो डाव्या हाताचीच ढाल करून त्यावर वार झेलतो. तो आणि उदेभान, दोघेही पडतात. मग भाऊ सूर्याजी उरलेल्या लोकांना सावरून गड घेतो. वर पागा पेटवतात आणि तो उजेड महाराज राजगडावरून बघतात. घोरपड नसली तरी माझ्या मते हा मजकूर कुठल्याही कादंबरीच्या तोडीचा आहे, आणि तोही एका पानात.

घोरपड, रायबाचं लग्न, ऐंशी वर्षांचा शेलारमामा, हे सगळं येतं तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. तो पोवाडा अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहात छापला गेला, म्हणजे हरिभाऊंनी लेखणी उचलली तेव्हा तो पुण्यात हाताशी होता. त्यात उदेभानाला अठरा बायका आहेत आणि चंद्रावळी नावाचा हत्ती आहे. कोंढाणा मागायची सुरुवातही भन्नाट: जिजाऊ प्रतापगडावर आहेत, त्यांना कोंढाणा दिसतो, त्या महाराजांना बोलावून फासे खेळायला बसवतात आणि जिंकल्यावर गड मागतात.

आता तुझा प्रश्न. घाई करू नकोस. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना गेले, त्यात हा होता. मोगल त्याला कोंढाणाच म्हणत. त्यामुळे १६७० ला गड परत आल्यावर महाराजांनी जुनंच नाव पुन्हा जागं केलं आणि लोकांनी ते तानाजीशी जोडलं, असंही झालेलं असू शकतं. म्हणजे तुझं पत्र खरं आणि लोकांची आठवणही अगदीच खोटी नाही. हा माझा तर्क, पुरावा म्हणून वापरू नकोस.

रिकामटेकडा

झालं सुरू. आता तानाजी होते का नव्हते हेही विचारा. प्रत्येक गोष्टीला पुरावा, पुरावा. चारशे वर्षं ज्या गोष्टीवर महाराष्ट्राची पोरं वाढली ती एका पत्राने खोटी?

मोडीवाला

साडेतीनशे.

पोलादपुरी

@रिकामटेकडा दादा, तानाजी नव्हते असं मी कुठेच म्हटलेलं नाही. समाधी माझ्या आजोळी आहे, मला कोण म्हणू देईल? मी नावाबद्दल विचारतेय. आणि पत्रही महाराजांचंच आहे हो. त्यांचं ऐकायचं का नाही?

@मोडीवाला काका, ढालीचं वाचलं होतं, लिहायचं राहिलं. प्रतापगडावरून कोंढाणा दिसतो का खरंच?

घाटवाटा

प्रतापगडावरून दिसतो असं मी तरी शपथेवर सांगणार नाही, हवा स्वच्छ असती तर कळलं असतं. राजगडावरून मात्र लख्ख दिसतो, अनेकदा पाहिलाय, त्यामुळे पागेचा उजेड पटतो.

पोलादपुरी, तुला तुझ्याच वाटेवरचं एक उदाहरण देतो. वेल्ह्याकडून केळदच्या पुढे मढे घाट उतरतो तो थेट तुमच्या बाजूला. तिथला कुणीही सांगेल की सुभेदारांचं मढं सिंहगडावरून उमरठला याच घाटाने नेलं म्हणून तो मढे घाट. पावसाळ्यात त्या धबधब्यावर जी गर्दी होते त्यातल्या निम्म्यांना एवढंच माहीत असतं, बाकी निम्म्यांना तेही नसतं. आता इथं नाव आधी की गोष्ट आधी? माझ्याकडे उत्तर नाही. पण ती वाट उतरताना कधी तसा विचार केला नाही हेही खरं. गुडघ्यांचा विचार करतो तेव्हा.

सोनचाफा

वर गेलात तर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. बाकी इतिहास गेला खड्ड्यात.

रिकामटेकडा

आता हे बरोबर बोललात. पण कांदाभजी वाऱ्यात खाल्ली पाहिजेत, कल्याण दरवाज्याजवळ.

संपदा_वाचते

धागा खाण्यावर जायच्या आत मला कमलकुमारीबद्दल बोलायचं आहे, कारण पोलादपुरी तिला 'पहिला धक्का' म्हणून पुढे गेली आणि मी मात्र तिथंच अडकले.

हरिभाऊ म्हणजे 'पण लक्षात कोण घेतो' लिहिणारा माणूस. यमूच्या तोंडून तिची कहाणी सांगणारा. नवरा गेल्यावर त्या पोरीचं केशवपन कसं जबरदस्तीने होतं ते ज्याने लिहिलं, आणि ज्याने त्या काळच्या पुण्यातल्या घराघरांत खळबळ उडवली, तोच माणूस दहा-बारा वर्षांनी अशी नायिका उभी करतो जिचं सगळं मोठेपण सती जाण्याच्या निश्चयात आहे! उदेभान वाईट का, तर त्याने तिला सती जाऊ दिलं नाही. म्हणजे काय? सतीबंदीचा कायदा १८२९ चा. कादंबरी वाचणाऱ्यांच्या आज्यांनाही सती प्रत्यक्ष आठवत नसेल.

मी एम.ए.ला असताना हा प्रश्न विचारला होता. उत्तर मिळालं, "ती ऐतिहासिक कादंबरी आहे, काळाचं भान ठेवा." पण कमलकुमारी इतिहासात नाहीच ना! ती हरिभाऊंनी आणली. जी बाई आपण स्वतः निर्माण केली तिच्या बाबतीत इतिहासाचं कारण कसं देणार?

मोडीवाला

संपदाताई, मुद्दा रास्त आहे. एवढंच म्हणेन की स्त्रीच्या मनाविरुद्ध तिच्यावर कुणी हात टाकणं, हा धागा दोन्ही पुस्तकांत एकच आहे. यमूवर घरचे टाकतात, कमलकुमारीवर उदेभान. हरिभाऊंना तेवढंच दिसत असावं.

संपदा_वाचते

'तेवढंच' हाच माझा आक्षेप आहे, काका. सामाजिक कादंबरीत ज्या चालीरीतीला तो प्रश्न विचारतो, तलवारी आल्या की तिलाच तेज म्हणतो. शिवाय काळ बघा. १८९५ पासून टिळकांनी रायगडच्या समाधीचा विषय हाती घेतलेला, पाठोपाठ शिवजयंतीचा उत्सव. वाचकाला मान ताठ करणारं काहीतरी हवं होतं. पुण्यातल्या त्या हवेत लिहिलेली रजपूत नायिका अशीच होणार. मला कादंबरी आवडते, गैरसमज नको. पण पोलादपुरी, पंधरा मिनिटांतली पाच तू नावावर घाल, पाच कमलकुमारीवर घाल.

पोलादपुरी

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आता लाज वाटतेय. वाचताना मला तिची सुटका व्हावी असं वाटत होतं, पण सुटका म्हणजे नक्की काय याचा विचारच केला नाही. उदेभानाच्या तावडीतून सुटून ती जाणार कुठे, तर चितेवर! आणि मी पानं उलटत होते की गड कधी येतोय, म्हणजे ही सुटेल.

'पण लक्षात कोण घेतो' ग्रंथालयातून आजच आणते.

डेक्कनची_राणी

थोडं अवांतर. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला तो याच कादंबरीवरून. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. रात्रीची चढाई दाखवायची म्हणून त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, त्या काळी बाकी सगळं उन्हात चालायचं. त्यात शेलारमामाचं काम व्ही. शांताराम यांनी केलं. पोवाड्यातला शेलारमामा ऐंशीचा, शांताराम विशी-बाविशीतले!

माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या वडिलांना कादंबरी वाचता येत नव्हती, पण गोष्ट पडद्यावर बघून पाठ होती. तेव्हा ही 'गोष्ट' नुसत्या पुस्तकाने पसरली असं समजू नका.

सोनचाफा

अवांतर कसलं, हेच तर हवं. पोवाडा, मग कादंबरी, मग पडदा, मग चौथीचा धडा, मग आमची घोरपड.

(फोटो अजून आलेला नाही.)

मोडीवाला

नावांचा विषय निघालाच आहे तर अजून एक. औरंगजेबाने १७०३ मध्ये हा गड घेतला आणि त्याचं नाव ठेवलं 'बक्षिंदाबक्ष'. इथं किती जणांनी ऐकलं होतं? मराठ्यांनी गड परत घेतला आणि ते नाव वाऱ्यावर गेलं. बादशहाने ठेवलेलं, कागदोपत्री चढलेलं, पण त्याला चिकटायला गोष्टच नव्हती.

रिकामटेकडा

हे मात्र मला माहीत नव्हतं. काका, तुमच्याशी भांडण माझं नाहीच. माझा त्रास वेगळा आहे. माझा मुलगा नववीत आहे. त्याला मी ही गोष्ट सांगायला गेलो तर मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, "बाबा, ते सगळं मिथ आहे." एवढंच वाक्य त्याने कुठूनतरी उचललंय. ना कादंबरी वाचली, ना बखर. या पोरीने दोन्ही वाचून रडून प्रश्न विचारलाय, ते ठीक. पण न वाचता 'मिथ' म्हणणाऱ्याला काय सांगू?

संपदा_वाचते

त्याला डाव्या हाताच्या ढालीचं पान वाचायला द्या. सभासदाचं. एकच पान आहे, वाचेल.

घाटवाटा

किंवा आतकरवाडीतून पायी वर न्या, आणि मग डोणागिरीच्या कड्याकडे घेऊन जा. खाली बघू दे. पण कठड्याच्या आत उभं करून, हे लिहितो कारण सेल्फीवाले.

पोलादपुरी

उशीर झाला, माफ करा. मधे चार दिवस आजोळी होते, तिथं घराच्या मागच्या पायरीवरच रेंज येते.

वर्गातलं बोलणं झालं. पंधराची बावीस मिनिटं झाली. संपदाताईंचा कमलकुमारीचा मुद्दा मांडला (ताईंचं नाव घेऊन, म्हणजे आयडी घेऊन) आणि त्यावरच सगळ्यात जास्त वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली की कमलकुमारी आपल्या मरणावर तरी स्वतःचा हक्क सांगते, यमूला तेवढाही मिळत नाही. दुसरी म्हणाली, हा हक्क आहे का सवय? सर गप्प बसून ऐकत होते. नावाच्या प्रश्नावर मी मोडीवाला काकांचा तर्क तर्क म्हणूनच सांगितला.

आता आजीचं. मी ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण भाकऱ्या होत होत्या, मी चुलीपाशी बसले होते, आणि ती म्हणाली, "काय बोललीस कॉलेजात सुभेदारांविषयी?" मग सांगितलंच. पत्राचं सांगितलं तर तिने फक्त "असेल" म्हटलं आणि भाकरी उलटली. घोरपडीबद्दल म्हणाली, "ती शाहिराची गं, मला काय माहीत नाही होय?" मी बघतच राहिले! म्हणजे इतकी वर्षं मला वाटत होतं की ती सगळं शब्दशः खरं मानते, आणि मी मोठी हिंमत गोळा करत होते.

मग सभासदाचं वाक्य वाचून दाखवलं. एक गड घेतला, परंतु एक गड गेला. ती जरा थांबली. "हे बरं आहे," म्हणाली. "सिंव्ह काय, एकटा राहतो. गडाच्या आधारानं खालची गावं राहतात." आणि मला दूध उतू जातंय का बघायला सांगितलं.

मी अजूनही कादंबरीचं नावच जास्त सुंदर मानते. आमचं त्यावर पटलेलं नाही.

मोडीवाला

आजींना माझा नमस्कार सांग. आणि त्यांच्या तोंडच्या सुभेदारांच्या गोष्टी फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेव, आजच. लिहून काढायचं नंतर बघता येईल.

रिकामटेकडा

पोराला ढालीचं पान दिलं. वाचलं. वर बघून विचारलं, "मग हाताचं काय झालं?" म्हटलं, पुढचं वाक्य वाच.

घाटवाटा

पोलादपुरी, दिवाळीनंतर आम्ही पाच-सहा जण मढे घाट उतरून उमरठला यायचं म्हणतोय. खाली पोचल्यावर पोलादपूरला जायला संध्याकाळची एसटी मिळते का?

पोलादपुरी

एसटीचा भरवसा धरू नका. घाट उतरलात की मला मेसेज करा, मामाची जीप आहे. जेवायला आमच्याकडेच या. फक्त समाधीपाशी चपला काढा, आजी बघत असते.

सोनचाफा

आणि घोरपडीचा फोटो मामाकडे असेल तर तोही घेऊन या.